ॲक्टिव्हिटी सीट, वॉकर, पांगुळगाडा की साधी गोधडी?

मूल पालथं पडून पुढे सरकायला लागलं, की याला घटकाभर एका जागी ठेवायचं कसं, हा प्रश्न घरात येतोच. कोथरूडच्या आमच्या घरात तो आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुळशीबागेतून पांगुळगाडा आणू." नणंदेने तिच्या मुलीचा वॉकर देऊ केला. मी मात्र ॲक्टिव्हिटी सीट, म्हणजे भोवती खेळणी लावलेलं बिनचाकी आसन, शोधत होते. मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. या चारपैकी तीन गोष्टी आम्ही वापरल्या आणि चौथी घरात येऊ दिली नाही.

ती चौथी म्हणजे वॉकर. त्याचं आधी सांगते, म्हणजे निवड तिघांतच उरेल. कॅनडाने २००४ मध्ये चाकांच्या वॉकरवर बंदी घातली, जुना वॉकर विकायलासुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तिथेही बंदी आणा म्हणून कित्येक वर्षं सांगते आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जातं, त्यामुळे शेजारी उभं असलेलं मोठं माणूसही वेळेत पोचत नाही. १९९० ते २०१४ या काळात अमेरिकेत सव्वादोन लाखांहून जास्त बाळांना वॉकरच्या अपघातामुळे दवाखान्यात न्यावं लागलं. बहुतेकांना डोक्याला किंवा मानेला लागलं होतं, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश बाळं जिन्यावरून पडली होती.

"आपल्या फ्लॅटमध्ये कुठे आहे जिना?" असं मलाही ऐकवलं गेलं. पण बाथरूमची पायरी आहे, बाल्कनीचा उंबरठा आहे, आणि वॉकरमध्ये उंच झालेल्या बाळाचा हात समईपर्यंत पोचतो. आमच्याच मजल्यावरच्या एका बाळाच्या वॉकरचं चाक उंबरठ्यात अडकलं आणि ते पुढच्या पुढे कोसळलं. कपाळाला दोन टाके पडले, तेव्हा त्याची आई चार पावलांवर होती. वॉकरने मूल लवकर चालायला लागतं हा समजही खरा नाही, उलट उशीर होऊ शकतो.

पांगुळगाड्याला वॉकरच्या पंगतीत बसवू नका. त्यात मूल बसत नाही. ते स्वतःच्या पायांवर उभं राहून दांडा धरतं आणि ढकलतं, तोल गेला तर बुडावर बसतं. पण हे जमतं ते मूल सोफा धरून आपलं आपण उभं राहायला लागल्यावर. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचा उपयोग नाही. आमच्या गुळगुळीत फरशीवर तो फार पळायचा, म्हणून सासूबाईंनी खालच्या आडव्या दांड्याला किलोभर तांदळाची पुरचुंडी बांधली. त्यानंतर गाडा मुलाच्या पावलाने चालायला लागला.

म्हणजे बसत्या वयात खरी तुलना ॲक्टिव्हिटी सीट आणि गोधडीची आहे.

सीटला चाकं नसतात. मधे गोल फिरणारं कापडी आसन, भोवती ट्रे, त्यावर खुळखुळे, आरसा, फिरणाऱ्या चकत्या. बाळ सगळीकडे वळतं, पण जागेवरून हलत नाही. तिचा मोठा गुण म्हणजे आपले दोन्ही हात मोकळे होतात. पहिल्या दिवशी मी सलग नऊ पोळ्या लाटल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदाच एकही पोळी करपली नाही, आणि सगळा वेळ तो माझ्याकडे बघत चकती फिरवत होता. ज्या घरात दुपारी आई आणि बाळ दोघंच असतात, तिथे या पंधरा मिनिटांची किंमत मोठी आहे. उकळतं दूध उतरवताना बाळ कडेवर किंवा पायात असण्यापेक्षा ते सीटमध्ये असणं शंभर पटींनी बरं.

पण बाळाच्या अंगाला ती काही शिकवत नाही. वजन मांड्यांमधल्या कापडावर असतं, हातातून पडलेली वस्तू उचलायला वाकता येत नाही. गोधडीवर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. स्टीलची एक वाटी त्याच्यापासून हातभर लांब ठेवली होती. पहिल्या दिवशी तो तिच्याकडे बघून रडला. दुसऱ्या दिवशी पोटावर गोल फिरला आणि उलट मागेच सरकला. तिसऱ्या दिवशी एक गुडघा पोटाखाली घेतला, ढुंगण वर केलं, धप्पकन पडला, पुन्हा उठला, आणि बोटांची टोकं वाटीला लागली. वाटी खणकन वाजली. सीटमध्ये ती वाटी ट्रेवरच असती.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणंही हेच आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, आणि रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर खेळू द्यावं. बाबागाडीत आणि उंच खुर्चीत अडकवलेलं बसणंही त्या तासात धरा. मी सीटसाठी एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढाच नियम ठेवला. झोप लागली की लगेच उचलायचं, कारण मान पुढे पडली तर श्वास अडू शकतो.

घरात आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी असतील तर सीट घेऊच नका, गोधडी पुरते. एकट्या असाल तर जरूर घ्या, पण नवी नको. वॉकरपेक्षा ती कितीतरी महाग, आणि उपयोग जेमतेम चार-पाच महिने. मान पक्की धरून थोड्या आधाराने बसता येईल तेव्हा सुरू करायची. खोक्यावरचा महिना बघू नका, कारण आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्यात जमतं, कुणाला नवव्यात. बाळ बाहेर चढू बघायला लागलं की बंद. बऱ्याच सीटची मर्यादा ११ किलोच्या आसपास असते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोसायटीच्या ग्रुपवर जुनी सीट सहज मिळते, भाड्यानेही मिळते. घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहा, बटणासारखा सेल गिळला गेला तर जिवावर बेततं. सुटी खेळणी ओढून बघा. वेगळं खेळणं जोडायचं असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह हवं, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. उंची लावताना बाळाच्या टाचेखालून कागद सरकवा. सहज निघाला तर ते चवड्यांवर आहे, आसन एक खण खाली घ्या. जागा ओट्यापासून चार हात तरी लांब आणि पडद्याच्या दोरीपासून दूर. कापडी आसन धुऊन कडक उन्हात वाळवा. ते वाळेपर्यंत गोधडी अंथरलेली आहेच.