कॅलेंडर शोधणारं टूल: आठ महिने वापरून आणि त्याचं डॉक्युमेंटेशन पाच वेळा लिहून

आमच्या पुण्याच्या छोट्या ऑफिसात गेल्या जुलैपासून एक एआय एजंट सगळ्यांची कॅलेंडरं बघतो. त्यासाठीचं टूल आम्हीच लिहिलंय: गूगल कॅलेंडरचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने माहिती मागायची सोय) एमसीपीतून (एआयला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत) एजंटला जोडून दिलाय, एवढंच. कोड दोन दिवसांत झाला. डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं, ‘तू बरं लिहितेस’ या नेहमीच्या सबबीखाली. ते अजून चालूच आहे.

टूल उपयोगी आहे, हे आधी सांगून टाकते. ‘गुरुवारी दुपारी कोण मोकळं आहे’ यासाठी ग्रुपवर वीस मेसेज पडायचे, ते बंद झाले. पण पहिल्या काही महिन्यांत जे जे घोळ झाले, त्यातले बहुतेक कोडचे नव्हते, माझ्या वर्णनाचे होते.

एमसीपीत प्रत्येक टूलसोबत नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा जातो. एजंट वाचतो ते एवढंच. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘कॅलेंडरमधले इव्हेंट शोधतं.’ माणसाला हे पुरतं, कारण अडलं की तो खुर्ची ओढून शेजारी येतो आणि विचारतो, ‘अगं, हे टाइममिन म्हणजे नक्की काय?’ आमचा एजंट तसं काही विचारत नव्हता. न लिहिलेलं तो मनानेच भरायचा, आणि उत्तर इतक्या शांतपणे द्यायचा की कुणाला शंकाही येऊ नये.

गणपतीतलं उदाहरण घ्या. मी २७ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट २०२५ सुट्टी टाकली होती. पूर्ण दिवसाच्या इव्हेंटला एपीआय वेळ देत नाही, फक्त तारीख देतो, आणि शेवटची तारीख धरायची नसते. म्हणजे माझ्या सुट्टीचा शेवट तिथे १ सप्टेंबर असा दिसतो. एजंटने तो जसाच्या तसा वाचला, मी सोमवारीही सुट्टीवर असल्याचं सांगितलं आणि क्लायंटचा कॉल मंगळवारवर ढकलला. मी सोमवारी सकाळी डब्यात उरलेले मोदक घेऊन ऑफिसात हजर! त्या दिवशी वर्णनात एक ओळ वाढली: ‘पूर्ण दिवसाच्या इव्हेंटमध्ये शेवटची तारीख सुट्टीत मोजू नये.’ नुसत्या ओळीने भागलं नाही. खाली माझ्याच सुट्टीचं उदाहरण घातलं, तेव्हा गाडी रुळावर आली. नियमाच्या तीन वाक्यांपेक्षा एक खरं उदाहरण त्याला जास्त कळतं, हे तेव्हापासून पक्कं झालं.

नोव्हेंबरात दुसरा दणका. न्यूयॉर्कच्या टीमबरोबर दर मंगळवारी त्यांच्या सकाळी साडेनऊला मीटिंग असते. उन्हाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी सातला. २ नोव्हेंबरला हिवाळ्यासाठी त्यांची घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे ४ तारखेची मीटिंग आपल्या आठला. एजंट सातच म्हणत राहिला. कारण असं, की पुन्हा पुन्हा येणारा इव्हेंट एपीआय एकच नोंद म्हणून देतो: पहिली तारीख आणि पुनरावृत्तीचा नियम. पुढची गणितं एजंट स्वतःच करत होता. सिंगलइव्हेंट्स हा पर्याय चालू केला की प्रत्येक वेळची मीटिंग सुटी होऊन, योग्य वेळेसह येते. शिवाय सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम हवा असेल तर तो चालू ठेवावाच लागतो. आता तो टूलमध्येच कायम चालू आहे, एजंटच्या मर्जीवर सोडलेला नाही. जे कोडमध्ये बांधता येतं ते डॉक्युमेंटेशनमध्ये विनवू नये, असं माझं मत झालंय.

टाइममिन म्हणजे ‘या वेळेनंतरचं दाखव’ ही मर्यादा. तिच्याबद्दल मीही चुकीचं लिहून बसले होते. ती इव्हेंटच्या सुरुवातीला नाही, शेवटाला लागते. दहानंतरचं विचारलं तरी साडेनऊला सुरू झालेली, अजून चालू असलेली मीटिंग यादीत येते. आणि वेळेसोबत टाइमझोन द्यावाच लागतो. आमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. पहाटे पाचला निघणारा ‘आजचा दिवस’ आठवडाभर कालचा निघत होता, कारण सर्व्हरच्या लेखी तेव्हा रात्रीचे साडेअकराच झालेले असतात. आता वर्णनात ‘+०५:३०’ लावलेली अख्खी तारीख नमुना म्हणून आहे.

शब्दाने शोधण्याची गंमत वेगळीच. एजंट ‘डेंटिस्ट’ शोधायचा आणि सहकाऱ्याने कॅलेंडरात लिहिलेलं असायचं ‘दात, सदाशिव पेठ’. उत्तर: अशी कुठलीही भेट नाही. म्हणून लिहिलं, की शब्दाने काही सापडलं नाही तर तेवढ्या तारखांची पूर्ण यादी मागवून स्वतः वाच. रिकाम्या यादीचा दुसरा घोळ मात्र आमचा: कॅलेंडर बघायच्या परवानगीची मुदत संपली तरी टूल रिकामी यादीच द्यायचं, आणि एजंट खुशाल सांगायचा, ‘उद्या तुम्ही मोकळ्या आहात.’ आता तिथे स्पष्ट एरर येते आणि ‘मोकळं आहे असं समजू नको’ हेही.

बाहेरून आलेल्या आमंत्रणाच्या मजकुरात एजंटला हुकूम लिहिलेले असू शकतात. तो मजकूर फक्त माहिती समजावा असं वर्णनात आहे, पण त्यावर मी विसंबत नाही. हे टूल फक्त वाचतं. इव्हेंट बदलायचं टूल वेगळं ठेवलंय आणि तिथे माणसाने हो म्हटल्याशिवाय काही हलत नाही.

एकदा उत्साहात वर्णन दीड पानाचं केलं होतं. ते प्रत्येक संभाषणात सोबत जातं, बिल वाढतं, आणि महत्त्वाची ओळ गर्दीत हरवते. सध्या पंधरा ओळी आणि तीन उदाहरणं आहेत.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. ‘परवा किती वाजता होतं?’ आणि ‘परवा किती वाजता आहे?’ यातला फरक त्याला क्रियापदावरून कळतो. पण आमचे साहेब नुसतं ‘परवाचं काय?’ असं टाइप करतात. त्यासाठी सोळावी ओळ लिहून ठेवली आहे: दोन्ही दिवस बघ आणि दोन्ही सांग.