माझ्या खात्यात आलेले ३,९०० रुपये

गेली सव्वीस वर्षं मी सांगलीत डीटीपीचं काम करतो. पेजमेकर, श्रीलिपी, कोरल आणि एक लेसर प्रिंटर, एवढ्यावर दुकान चाललं. लग्नपत्रिका, हँडबिलं, विद्यापीठाचे प्रबंध, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. एप्रिल-मेमध्ये पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेली माणसं बाकावर नंबर लावून बसायची आणि आत्याचं नाव मामीच्या खाली का, यावरून तिथंच भांडायची. आता पत्रिका मोबाइलवर बनते, सनईसकट, आणि व्हॉट्सअॅपवर जाते. छापतात त्या पन्नास, देवापुढे आणि भाऊबंदांत ठेवायला. प्रबंधवाली मुलं मॅटर घेऊनच येतात, कारण कागदाचा फोटो काढला की फोनच अक्षरं उचलून देतो. मला उरतं ते पानं लावणं आणि पळालेले रफार जागेवर आणणं. पानाला पंचवीस रुपये मिळायचे, आता "काका, नुसतं सेटिंगच तर आहे" म्हणून दहा.

हे रडगाणं अशासाठी, की जून २०२५ मध्ये माझं काय चाललं होतं ते कळावं. लग्नसराई संपलेली, अहवालांची कामं यायला अजून महिना, दुकानाचं भाडं दोन महिने थकलेलं. फसवणुकीची बातमी वाचून "लोभ नडला" असं मीही म्हणायचो. मला लाखो नको होते हो. दुपारी तीन तास हात रिकामे असायचे, तेवढ्या वेळात दीडशे-दोनशे सुटले तरी पुरे होतं.

मेसेज परदेशी नंबरवरून आला. डीपीला कोट घातलेल्या बाईंचा फोटो. काम काय, तर गूगल मॅपवर हॉटेलांना पाच तारे द्यायचे आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. एका हॉटेलाचे पन्नास रुपये. मी तीन हॉटेलांना तारे दिले, एक जयपूरचं, दोन गोव्याची. जयपूर मी बघितलेलंही नाही. न खाल्लेल्या जेवणाची तारीफ करायचे पैसे कोण कशाला देईल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही असं नाही. पडला आणि बाजूला ठेवला. कारण दहा मिनिटांत दीडशे रुपये खात्यात आले. खरे, पासबुकात छापून येणारे.

मग "टेलिग्रामवर या." तिथं चाळीसेक जणांचा ग्रुप. रोज सकाळी कामांची यादी, आणि त्यात अधूनमधून एक 'प्रीपेड' काम: तुम्ही आधी पैसे भरायचे, त्यावर 'ऑर्डर' लागते, मग पैसे तीस टक्के वाढून परत. दर अर्ध्या तासाला कुणीतरी पैसे आल्याचा स्क्रीनशॉट टाकी आणि खाली अभिनंदनाचा पाऊस पडे. हे चाळीस जण म्हणजे दोन-तीनच माणसं चाळीस नावांनी बोलत असतात, हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं.

ग्रुपवरचं मराठी मशिननं केलेलं होतं. "प्रिय वापरकर्ता, आपले कार्य तात्काळ सादर करा अन्यथा आपला पतगुण घसरेल." पतगुण! क्रेडिट स्कोअरचं हे भाषांतर वाचून मी दुकानात एकटाच हसलो. 'नियुक्तिपत्र' म्हणून आलेल्या पीडीएफवर गोल शिक्का होता, त्यात 'मर्यादित'चं 'मयार्दित' झालेलं. जुन्या फाँटमधलं मॅटर युनिकोडमध्ये आणताना रफार असा हमखास पुढच्या अक्षरावर उडी मारतो, त्यामुळे मी मनात म्हटलं, यांचा डीटीपीवाला नवखा दिसतोय. चूक दिसली होती. तिच्यासाठी कारणसुद्धा मीच शोधून दिलं.

पहिल्यांदा १,००० भरले, संध्याकाळी १,३०० आले. त्यातून घरी पेढे आणि भडंग घेऊन गेलो. बायको म्हणाली, "कसले पेढे?" म्हटलं, "ऑनलाइन काम मिळालंय." दुसऱ्या दिवशी ३,००० भरले, ३,९०० आले. हे ३,९०० लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी ८,००० भरल्यावर कळलं की हे काम 'तीन टप्प्यांचं' आहे आणि तिन्ही झाल्याशिवाय काहीच काढता येणार नाही. दुसरा टप्पा २२,०००. तिसरा ४८,०००. मी इथंच थांबायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटतं, पण एव्हाना मला चौघांच्या छोट्या ग्रुपमध्ये टाकलं होतं. चौघांचं काम एकत्र, एकानं सोडलं तर चौघांचे पैसे अडकणार. त्यातला एक जण खासगीत लिहू लागला, "दादा, तुमच्यामुळं माझे साठ हजार अडकलेत, आई दवाखान्यात आहे." ४८,००० मी मुलीच्या फीसाठी ठेवलेल्यातून भरले, आणि भरताना नफ्यापेक्षा त्या न बघितलेल्या माणसाची आई डोक्यात होती. हे सांगायला लाज वाटते. पण लोभाला न बधणारी माणसं इथं अडकतात, म्हणून सांगतो.

प्रत्येक वेळी यूपीआयवर नाव वेगळं. एकदा भाजीचा व्यापारी, एकदा कसलंसं एंटरप्रायझेस, एकदा कुणी बाई. विचारलं तर "कंपनीचे मर्चंट आहेत." नोकरी देणारा माणूस पगाराआधी तुमच्याकडून पैसे घेतो आणि तेही दर वेळी नव्या नावावर, एवढी एकच गोष्ट मी कागदावर लिहून समोर ठेवली असती तरी पुरलं असतं.

त्यांच्या वेबसाइटवर माझं 'वॉलेट' हिरव्या आकड्यांत फुगत होतं. आता विचार करतो तेव्हा याचंच सगळ्यात नवल वाटतं. पतसंस्थांच्या ताळेबंदात कोट्यवधींचे आकडे मी माझ्या हातानं बसवतो. एक शून्य जास्त पडलं तर प्रुफात लाल पेनानं कापलं जातं, तिजोरीत काही पैसे वाढत नाहीत. पडद्यावरचा आकडा म्हणजे कुणीतरी टाइप केलेला मजकूर, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि मी दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करत होतो.

तिसऱ्या टप्प्यात "तुम्ही चुकीचं बटण दाबलंत, पतगुण ८० वर आला, भरपाईचे ३५,००० भरा." ते शेजारच्या कागदवाल्याकडून उसने घेतले. एकूण १,१३,००० गेले. वॉलेटमध्ये १,४६,९०० दिसत होते. काढायला गेलो तर "आधी तीस टक्के टॅक्स, ४४,०७०."

ते मागायला पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, टॅक्स कापून उरलेले देतात की आधी तुमच्याकडून मागून घेतात?" मी गप्प. "टेलिग्रामवर आहे ना हे?" मी अजून गप्प. "मामा, आत्ताच्या आत्ता १९३० लावा."

१९३० म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी सरकारी हेल्पलाइन. नाही लावला. रात्री बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. सकाळी वाटलं, त्यांनाच एकदा विनवून बघू. त्यांनी "सर, जेवलात का?" विचारून आणखी दिवस घालवला. मी १९३० लावला तेव्हा शेवटचे पैसे जाऊन एकतीस तास झाले होते.

तिथं काय लागतं ते सांगतो, कारण ऐनवेळी हात थरथरतात. कुठल्या बँकेतून गेले, किती, कधी आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक. तक्रार घेतली की मेसेजवर तक्रार क्रमांक येतो, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर चोवीस तासांत बाकीची माहिती आणि स्क्रीनशॉट भरायचे. टेलिग्रामचं चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात मी निम्मं उडवलं होतं.

सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी पाठकोऱ्या कागदावर पेनानं झाड काढून दाखवलं. बुंध्याशी माझे ४८,०००. तिथून पहिल्या फांदीवर चार खाती, त्यांच्यापुढे अकरा. "याला आम्ही लेअर म्हणतो. ही दुसरी लेअर सात मिनिटांत झालीय. शेवटाला एटीएम नाहीतर क्रिप्टो." ही खाती कुणाची, तर बऱ्याचदा कमिशनवर खातं, कार्ड आणि सिम देऊन टाकणाऱ्या पोरांची. माझे एकूण ६,२०० रुपये मधल्या एका खात्यात अडकवता आले. पहिल्या तासाभरात आला असतात तर, असं ते म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

बँकेकडून मला भरपाई मिळाली नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. तुमची चूक नसताना तिऱ्हाइतानं खात्यातून पैसे उडवले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही, असं त्यात म्हटलेलं. मी तो कागद घेऊन मोठ्या आशेनं गेलो. मॅनेजर म्हणाले, "पिन कुणी टाकला?"

इथवरची गोष्ट तुम्ही कुठंतरी वाचलीच असेल. सरकारनं संसदेत दिलेला आकडाच आहे, २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी गेले. मी लिहायला बसलो ते पुढच्या भागासाठी.

जुलैत एका पतसंस्थेनं अहवालाचा बारा हजार अॅडव्हान्स खात्यात टाकला. भाडं द्यायला गेलो तर पैसे निघेनात. बँकेत कळलं, खातं गोठवलंय, तेलंगणातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून. कारण? जूनमध्ये माझ्या खात्यात ३,९०० रुपये आले होते आणि ते तिथल्या एका तक्रारदाराचे होते.

म्हणजे मला 'नफा' म्हणून मिळालेले पैसे माझ्यासारख्याच कुणाचे तरी होते. त्यानं भरलेल्या पैशांतून मला विश्वास विकत घेऊन दिला गेला आणि माझ्या पैशांतून बहुधा पुढच्या कुणाला. १,३०० कुणाचे होते ते अजून कळलेलं नाही. पेढे त्यातून आले होते.

सांगलीत मी फिर्यादी आणि तेलंगणात संशयित खातेदार, दोन्ही एकाच महिन्यात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. त्याखाली पोलिसांना असा संशयित पैसा अडवता येतो. अडचण अशी की वादातली रक्कम ३,९०० आणि अडकलं अख्खं खातं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा ईमेल लेखी घ्या. त्या ठाण्याला तुमची स्वतःची तक्रार, खात्याचा उतारा आणि चॅट जोडून पाठवा, आणि वादातली रक्कम तेवढी रोखून बाकीचं खातं मोकळं करा अशी विनंती करा. मी हे केलं, पाच ईमेल आणि बरेच फोन झाले, तेविसाव्या दिवशी खातं सुटलं. ३,९०० अजून राखून ठेवलेत. ते मूळ माणसाला द्यायला माझी हरकत नाही, असं मी लिहून दिलंय. त्याचं नाव मला माहीत नाही, तक्रारीची तारीख तेवढी माहीत आहे. त्यानं माझ्या आधी तीन दिवस तक्रार केली होती.

"सर, जेवलात का?" विचारणाऱ्यांचा राग मात्र आता पूर्वीसारखा येत नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर भारतीयांना परत आणलं, ती बातमी मी नंतर शोधून वाचली. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेली आणि म्यानमारच्या सीमेवर कोंडून अशाच फसवणुकीला जुंपलेली मुलं. माझ्याशी बोलणारी तिथली होती की इथलीच, देव जाणे. काम शोधणाऱ्यालाच गाठतात, दोन्ही टोकांना.

ऑगस्टमध्ये त्या पतसंस्थेच्या अहवालाला बसलो. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे घाई असतेच. गेल्या वर्षीची फाइल उघडली, त्यावरच नवे आकडे चढवायचे असतात. शेवटच्या पानावर चौकट होती, 'सायबर फसवणुकीपासून सावध राहा'. खाली १९३० ठळक टायपात. 'अनोळखी व्यक्तीने दिलेल्या ऑनलाइन कामासाठी पैसे भरू नका' ही ओळसुद्धा. मजकूर मीच जुळवला होता, दोनदा प्रूफ वाचलं होतं, 'व्यक्तीने'तली दीर्घ वेलांटी मी सुधारल्याचं आठवतंय.

त्या चौकटीत मी चार ओळी वाढवल्या, खात्यात आलेल्या पैशांबद्दल. पतसंस्थेच्या मॅनेजरांनी प्रूफ बघितलं. "मजकूर बरोबर आहे हो, पण पान वाढतंय. एक पान वाढलं की छपाईत चार वाढतात. काढा." मी संध्याकाळी बसून शेजारची सोनेतारण कर्जाची जाहिरात दोन पॉइंटनं लहान केली आणि ओळी ठेवल्या.