कारल्याच्या एन्झाइमचे मणी : डिचोलीतल्या रंगशाळेतला अनुभव

माझी कापड रंगवायची छोटी रंगशाळा आहे. रंगाचं पाणी ओहोळात जाऊ नये म्हणून सांडपाण्याचा रंग उतरवणारी ही विकतची नळी बसवून घेतली. आत कॅल्शियम अल्जिनेटचे, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीसारख्या पदार्थाचे मणी, आणि त्यांत कारल्यातून काढलेलं पेरॉक्सिडेज हे रंग मोडणारं एन्झाइम अडकवलेलं. एन्झाइम पाण्याबरोबर वाहून जात नाही, म्हणून तेच मणी पुन्हा वापरता येतात. ही कल्पना मला मनापासून आवडली.

रंग खरंच उतरतो. लाल, निळा बराच; काळा मात्र हट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड लागतंच, पण थेंबथेंब सोडायचं. एकदम ओतलं की एन्झाइमच निकामी होतं.

माहितीपत्रकात एक मोठी उणीव आहे. आमचं पाणी सोड्यामुळे अल्कधर्मी असतं, ते आधी किंचित आंबट करून घ्यावं लागतं. त्यासाठी सायट्रिक आम्ल अजिबात वापरू नका! ते मण्यांतलं कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगून विरघळतात. फॉस्फेटवाल्या साबणाचंही तेच. विनेगर चालतं. हे ठळक अक्षरांत छापायला हवं होतं.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं विक्रेत्याने सुचवलं, ते मला पटत नाही. रंगवताना घातलेलं मीठ तसंच राहतं. हे पाणी कुळागरात सोडू नये, पोफळींचं नुकसान होईल. तळाचा गाळही वेगळा गाळून ठेवावा लागतो.

दुसरी खेप मी मागवली आहे, फक्त फिक्या रंगांच्या धुण्यासाठी.