तारांकित की अतारांकित? नंदुरबारच्या शाळांसाठी कोणता प्रश्न बरा

अक्कलकुवा-धडगावच्या एकलव्य निवासी शाळांत (आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या शाळा) शिक्षकांची किती पदं रिक्त आहेत, हे सरकारकडून वदवून घ्यायचं असेल, तर खासदारापुढे लोकसभेत दोन वाटा असतात.

तारांकित प्रश्नाचा रुबाब मोठा. मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतो. पण दिवसाला असे प्रश्न फक्त २०, तेही सोडतीतून. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत त्यातले मोजकेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं लेखीच येतात, म्हणजे नशिबात नसेल तर एवढा आटापिटा करून अतारांकितच पदरात! शिवाय गोंधळात तहकुबी झाली की संपलंच.

अतारांकित प्रश्न दिवसाला २३० घेतात. उत्तर लेखी, उपप्रश्न नाही, टीव्हीवर चेहराही दिसत नाही. मात्र राज्यवार, वर्षवार तक्ते इथे मिळतात. उत्तर सभागृहाच्या पटलावर येतं, त्यामुळे धुळ्याचा पत्रकार किंवा शहाद्याचा पालकही तो कागद पुढे करू शकतो. मोघम विचारलं तर ‘माहिती संकलित केली जात आहे’ एवढंच हाती येतं, म्हणून मंजूर पदं, भरलेली पदं, असं सुटंसुटं विचारावं.

आकडे हवे असतील तर माझं मत अतारांकितला. आकडे हातात असताना मंत्र्यांना कोंडीत पकडायचं असेल, तरच तारांकित. जिल्हा परिषद शाळांतली शिक्षकभरती मात्र राज्याच्या हातात, तिचं दिल्लीत विचारून उपयोग नाही. तो प्रश्न आमदारानं विधिमंडळातच टाकावा.