"दाजी, ह्यो जांभा न्हवं!"

आमचं घर कोल्हापुरात, कळंब्याकडे. वडिलांनी १९९४ साली बांधलं, बाहेरून गिलावा न करता. पैसे संपले म्हणून नव्हे, त्यांना वीट आवडायची. "भाजलेल्या विटेला आणि पावडर कशाला लावायची?" असं म्हणायचे. पण तीस पावसाळ्यांत विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, झिजल्या, खालच्या अंगाला लोणा (क्षाराचा पांढरा थर) आला आणि घर जरा उदासच दिसायला लागलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये थोरलीला बघायला पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका काकांनी पायरीवर चपला काढता काढता विचारलं, "गिलावा राहिलाय काय अजून?"

त्या एका प्रश्नाची किंमत मला १,०५,००० रुपये पडली.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, समोरचा भाग तरी करून घेऊ. तिचं माहेर गगनबावड्याच्या बाजूचं, घर जांभ्याचं. तिच्या मनात तोच लाल, भोकाभोकांचा दगड. त्याच आठवड्यात मोबाईलवर एका ठेकेदाराचा व्हिडिओ दिसला: जुनं विटांचं घर, आणि लगेच पुढे तेच घर खाली जांभा, वर चकचकीत वीट. फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस दारात. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात लेसरचा मीटर. आल्या आल्या आईच्या पाया पडला. (पुढे कुणी ठेकेदार आईच्या पाया पडला तर मी आधी त्याचं बिल बघेन.)

पिशवीतून त्यानं एक वीट काढली आणि तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाण्याचे मणी होऊन घरंगळले, वीट कोरडीच. "सिलिकॉन कोट, काका. दहा वर्षं बघायला नको." मग जांभ्याचा नमुना हातात दिला. तो खरा जांभा होता, हे मी आजही मान्य करतो. नमुना खरा होता, म्हणून तर फसलो.

हिशेब असा: खालचा मजला ३० बाय १० म्हणजे ३०० चौरस फूट, जांभ्याचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर दगडाचे तुकडे चिकटवणं, २६० रुपयांनी, ७८,००० रुपये. वरच्या ३०० फुटांना विटा धुऊन कोटिंग ४५ रुपयांनी, १३,५००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण १,०७,९७०. वरचे २,९७० त्यानं सोडले, "काकूंच्या चहाचे म्हणून." आम्ही त्या सवलतीवरच खूश. खालच्या मजल्यावर दरवाजा २८ फुटांचा आणि दोन खिडक्या मिळून ४० फुटांच्या, हे ६८ फूट त्यानं वजाच केले नव्हते. नुसत्या मोकळ्या हवेला आम्ही १७,६८० रुपयांचा दगड लावला. चहा कुणी कुणाला पाजला ते बघा.

निम्मे पैसे आगाऊ म्हणून ५०,००० फोनवरून पाठवले, तेही त्याच्या नव्हे, "मेव्हण्याच्या" खात्यावर. उरलेले ५५,००० रोख. पावती लेटरपॅडवर. तिच्यावरचा जीएसटी नंबर मी महिनाभरानंतर मोजला. नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. त्याचा २७ नेच सुरू होत होता, पण अक्षरं १४. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून धंद्याचं नाव बघायला एक मिनिटही लागत नाही. ते मिनिट मी आधी काढलं नाही.

काम एप्रिलअखेर सुरू झालं. मी सकाळी सातला शिरोलीला जायचो, संध्याकाळी परत. एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, तपासायचं काम माझं. हातोडीनं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर बाजूला. बावीस वर्षं हेच करतोय. आणि स्वतःच्या भिंतीवर एकदाही टिचकी मारली नाही. आई सांगायची, "अरे, ही पोरं भिंतीला पाणीच मारत नाहीत." मी म्हणायचो, आई, आता नवीन पद्धती आल्यात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं. खरं सांगतो, घर देखणं दिसत होतं. त्यानं दाराला स्वतःच्या हातानं तोरण बांधलं आणि फोटो काढले. चार दिवसांनी वळीव आला. अर्धा तास वारा, गारा, मग धो-धो. पाऊस थांबल्यावर बघतो तर पायरीवर, कट्ट्यावर, अंगणातल्या फरशीवर लाल ओघळ. देवळाबाहेर गुलाल धुऊन जावा तसे.

फोन लावला. "नवा दगड आहे काका, पहिल्या पाण्यात थोडा रंग सोडतोच. नवं लुगडं नाही का सोडत?" पटलं मला. काय करणार, पटवून घ्यायचं होतं.

जूनच्या सुरुवातीला माझा मेव्हणा, बायकोचा भाऊ, आला. गाडी लावली, भिंतीजवळ गेला, अंगठ्याचं नख एका तुकड्यावर ओढलं आणि वळून म्हणाला, "दाजी, ह्यो जांभा न्हवं!" कोपऱ्यातला एक तुकडा हलत होता, तो त्यानं दोन बोटांनी काढला आणि पायरीवर आपटला. आतून राखाडी. नुसतं सिमेंट. लाल रंग नखाच्या जाडीएवढा वरवर. भोकंसुद्धा साच्याची, शेजारच्या तीन तुकड्यांवर तीच भोकं त्याच जागी होती. खरा जांभा फोडला की आतही लालच असतो, आतही भोकं असतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर घट्ट होतो. हे सगळं माझ्या बायकोला लहानपणापासून माहीत, पण नमुना बघितल्यावर ट्रकमधला माल कोण फोडून बघतो?

तुकडा निघाला त्या जागी मागे चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, मधे पोकळ. मग मी खिशातलं नाणं काढून सगळ्या भिंतीवर वाजवत गेलो. बद्द, बद्द, बद्द. फाउंड्रीत असा लॉट आला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता.

जुलैच्या झडीत एका रात्री दरवाज्यावरचे दोन तुकडे खाली आले. आई सकाळी ज्या कट्ट्यावर ऊन खायला बसते, त्याच कट्ट्यावर. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन बंद.

मग ओळखीतले एक जुने गवंडी मिस्त्री आणले. त्यांनी आधी आम्हालाच झापलं. म्हणाले, मेच्या उन्हात तापलेली कोरडी वीट सिमेंटमधलं सगळं पाणी पिऊन टाकते, मग सिमेंट धरणार कशाला? आधी भिंत भिजवायची, मागे पूर्ण मसाला भरायचा, नंतर आठवडाभर पाणी मारायचं. वरच्या मजल्याच्या विटा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ते सिलिकॉन नव्हतंच, व्हार्निश होतं. सिलिकॉनचं पाणी विटेत मुरतं, वर थर दिसत नाही, वीट होती तशीच दिसते. आमची चमकत होती आणि आम्ही त्या चमकेवरच भाळलो होतो. विटेच्या पोटातली ओल बाहेर पडायची वाट व्हार्निशनं बंद केली. ओलीबरोबर आलेला क्षार आतच साठून फुगतो आणि विटेचं तोंड सोलून काढतो. सप्टेंबरपर्यंत गॅलरीखालच्या विटांची सालपटं निघायला लागली. वडील असते तर काय म्हणाले असते, ते मी इथं लिहीत नाही.

आता सगळं क्लॅडिंग उतरवलंय. व्हार्निश रिमूव्हर लावून हातानं घासून काढतोय. मशीननं तासायचं नाही आणि ॲसिड तर अजिबात नाही, अशी मिस्त्रींची ताकीद आहे, विटेचं भाजलेलं कडक कातडं गेलं तर ती पाणीच प्यायला लागेल. दरजा अर्धा इंच खरवडून, धुऊन, एकास तीन सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं नव्यानं भरल्यात. जेवढ्या झाल्यात तेवढ्या बघून बायको म्हणाली, "एवढंच करायचं होतं की आधी." मी काही बोललो नाही.

रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस परत आली. लेटरपॅडवरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणीच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या हेल्पलाईनवर कशी करायची ते नीट सांगितलं. खात्यावर पाठवलेल्या ५०,००० चा पुरावा आहे. रोख दिलेल्या ५५,००० चा फक्त तो लेटरपॅड.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच. परवा इचलकरंजीच्या भाच्यानं एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, नंबर नवीन, आणि खाली फोटो आमच्या घराचा. वळवाच्या आधीचा, दाराला तोरण असलेला. भाचा विचारत होता, "मामा, तुमच्यासारखंच काम हवंय, माणूस कसा आहे?"