कॅन्टनचं फुटबॉल हॉल ऑफ फेम: म्युझियम झकास, पण जॅक टॅटम कुठाय?

आधी रिव्ह्यू, मग भांडण. अमेरिकन फुटबॉल थोडाफार जरी कळत असेल तरी ओहायोमधल्या कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम एकदा बघाच, अर्धा दिवस मोकळा ठेवून जा, क्लीव्हलंडहून गाडीने साधारण तासाभराचं अंतर आहे आणि तो फुटबॉलच्या आकाराचा घुमट इंटरस्टेट ७७ वरूनच दिसतो त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्क शिकागो सोडून एवढ्याशा गावात का, तर लीगचा जन्मच इथला. १९२० मध्ये राल्फ हे नावाच्या टीम मालकाच्या मोटार शोरूममध्ये मीटिंग झाली, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डवर टेकले आणि पुढे जिचं नाव एनएफएल झालं ती लीग तिथे ठरली. हॉल उघडलं १९६३ ला, पहिल्या बॅचमध्ये १७ जण घेतले.

आत गेलं की जिम थॉर्पचा सात फुटी ब्राँझचा पुतळा, बॉल काखेत मारून धावतोय असा. मग जुनी हेल्मेटं, जर्सी, लीगचा सगळा इतिहास. सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या फायनलच्या दालनात विजेत्यांच्या अंगठ्या आहेत त्या मात्र सावकाश बघा, सुरुवातीच्या वर्षांतल्या अंगठ्या माणसाने बोटात घालाव्यात अशा आहेत आणि जसजसे पुढे सरकतो तसतशा त्या फुगत जातात, अलीकडच्या तर बोटात घालून जेवता येईल का अशी शंका यावी. होलोग्रामचा शो पण आहे, पोरांना आवडेल, मला ठीक वाटला.

खरा माल म्हणजे बस्ट गॅलरी. अंधारी खोली, नेमका उजेड, आणि ओळीने ब्राँझची डोकी, ज्या वर्षी निवड झाली त्या क्रमाने. आवाज आपोआप खाली येतो. जवळ जाऊन बघा, केसांची वळणं, मिशी, सगळं एकेकाचं वेगळं केलंय. ओकलंड रेडर्स टीमचा जुना कोच जॉन मॅडन २००६ मध्ये हॉलमध्ये आला तेव्हा भाषणात म्हणाला होता की रात्री दिवे गेले, माणसं घरी गेली की हे बस्ट एकमेकांशी बोलत असणार, आणि त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. लोक हसले, पण त्या खोलीत उभं राहिलं की ते पटतं.

आता भांडण. मॅडनच्या त्या गप्पांमध्ये एक माणूस नाही, त्याचाच सेफ्टी, जॅक टॅटम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागे उभा राहणारा गडी, मधून पास घ्यायला येणाऱ्याला अडवायचं हे त्याचं काम. टॅटम १९७१ ते १९७९ ओकलंड रेडर्सकडे खेळला आणि शेवटचा सीझन १९८० ला ह्यूस्टनकडे, टोपणनाव होतं 'असॅसिन' म्हणजे मारेकरी, आणि ते त्याने स्वतःच मोठ्या हौसेने मिरवलं. अकराव्या सुपर बोलमध्ये त्याने मिनेसोटाच्या सॅमी व्हाइटला असा हाणला की हेल्मेट एकीकडे आणि माणूस एकीकडे. करिअरमध्ये ३७ इंटरसेप्शन्स, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच पकडलेले, तीन प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंची मॅच, आणि एक सुपर बोल. १९७२ ला ग्रीन बेविरुद्ध पडलेला बॉल उचलून १०४ यार्ड पळत नेला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये ती मॅच झाली. २२ सेकंद बाकी, रेडर्स ७-६ ने पुढे, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, पिट्सबर्गच्या ब्रॅडशॉने आपल्याच फुक्वाकडे पास फेकला, टॅटम येऊन आदळला, बॉल उडून मागे आला आणि पिट्सबर्गच्याच फ्रँको हॅरिसने बुटाच्या उंचीवर उचलून टचडाउन केला, म्हणजे समोरच्या टोकापलीकडे नेऊन गुण मिळवले. तेव्हाच्या नियमाने बॉल फक्त फुक्वाला लागला असता तर हॅरिसचा कॅच बाद होता, टॅटमला लागला असेल तर चालतं, आणि यावर रेडर्सवाले आजही भांडतात. ब्रॅडशॉ हॉलमध्ये आहे, हॅरिस आहे, त्यांचा कोच चक नोल आहे. रेडर्सकडून मॅडन, मालक अल डेव्हिस, पास फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक स्टेबलर आणि टॅटमच्याच शेजारी खेळणारा विली ब्राउन, सगळे आहेत. लीगचा सगळ्यात गाजलेला प्ले, आणि ज्याच्या धडकेने तो झाला तोच बाहेर.

कारण काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. १२ ऑगस्ट १९७८, ओकलंड, प्रीसीझन मॅच, म्हणजे ज्याचे गुण कुठे मोजलेही जात नाहीत अशी. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली मधून धावत आला, पास जरा हाताबाहेर होता, त्याने झेप घेतली आणि समोरून टॅटम. मानेचे मणके तुटले. वय २६. पुढची सगळी वर्षं व्हीलचेअरमध्ये, २००७ मध्ये गेला. रेफरीचा फाऊलचा फ्लॅग पडला नाही, लीगने शिक्षा केली नाही, कारण तेव्हाच्या नियमात तो हिट बसत होता. स्टिंगलीसाठी हॉस्पिटलच्या फेऱ्या कुणी मारल्या तर समोरच्या टीमच्या कोचने, मॅडनने.

टॅटम मात्र स्टिंगलीला कधी भेटला नाही. त्याची बाजू अशी की गेलो होतो, घरच्यांनी आत येऊ दिलं नाही. १९९६ मध्ये टीव्हीवर दोघांची भेट ठरली होती पण ती टॅटमच्या पुस्तकाच्या प्रचारासाठी आहे हे कळल्यावर स्टिंगलीनेच नाही म्हटलं, आणि बरोबर केलं. हे सगळं वाचलं की टॅटमबद्दल मनात फार माया राहत नाही, माझ्याही नाही. नंतर डायबेटिसने त्याचा पाय गेला, २०१० मध्ये तो वारला, ६१ वर्षांचा होता.

पण हॉलचा स्वतःचा नियम काय सांगतो? मत देणाऱ्यांनी फक्त मैदानावरचं बघायचं, बाहेरचं नाही. ह्याच नियमावर लॉरेन्स टेलर ड्रग्जची एवढी बोंबाबोंब झालेली असताना १९९९ मध्ये आत आला, आणि ओजे सिम्पसन १९८५ ला आत आला त्याचं डोकं पुढे खुनाचा एवढा खटला झाला तरी त्याच गॅलरीत आहे, हललं नाही. मग टॅटम भेटायला गेला की नाही, पुस्तकात काय बरळला, हे मोजायचं कशाला? आणि राहिलं मैदानावरचं, तर मैदानावर त्याच्या नावाने त्या दिवशी साधा फाऊलही नाही.

रानटीपणा म्हणाल तर 'नाइट ट्रेन' लेन बघा. गळ्याभोवती हात टाकून माणूस आडवा करायचा, त्या टॅकलला त्याच्याच नावाने नेकटाय म्हणायचे आणि शेवटी लीगला तसल्या टॅकलवर बंदी आणावी लागली, तो १९७४ पासून हॉलमध्ये आहे. चक नोलने रेडर्सच्या ॲटकिन्सनला खेळातला गुन्हेगार म्हटलं, ॲटकिन्सन कोर्टात गेला, आणि तिथे शपथेवर नोलला कबूल करावं लागलं की हा शब्द त्याच्या स्वतःच्या मेल ब्लाउंटलाही लागू होतो. नोल हॉलमध्ये, ब्लाउंट हॉलमध्ये. म्हणजे गुन्हेगार चालतो, फक्त त्याच्या हातून समोरच्याची मान मोडलेली नसावी.

आकड्यांवर या आता. क्लिफ हॅरिस २९ इंटरसेप्शन्सवर आत, स्टीव्ह ॲटवॉटर २४ वर, जॉन लिंच २६ वर, तिघेही सेफ्टी, तिघेही हाणणारे. टॅटमचे ३७. हां, हॅरिसचे प्रो बोल सहा आहेत आणि टॅटमचे तीनच, लिंचचे तर नऊ, हा मुद्दा खरा आहे आणि टॅटमच्या विरोधात माझ्या मते तेवढाच एक मुद्दा वजनाचा आहे. कुणी त्याच्यावर म्हणालं की बाबा हा उत्तम होता पण त्या रांगेतला नव्हता, तर मी वाद घालीन पण चिडणार नाही. स्टिंगलीचं नाव पुढे करून दार लावणं मला पटत नाही. कारण ती टक्कर टॅटमने एकट्याने शोधून काढलेली नव्हती, त्याला ती शिकवली होती, तिच्यासाठी पगार होता, टाळ्या होत्या, आणि हेल्मेट उडवलेल्या हिटच्या क्लिप्स वर्षानुवर्षं याच धंद्याने विकल्या. मग एक दिवस बिल आलं तेव्हा ते एकट्याच्या नावावर फाडून बाकीचे हॉलमध्ये आलेल्यांना मिळतं ते गोल्ड जॅकेट घालून फोटोला उभे.

माझं मत, घ्या. गुणगान करू नका, बस्ट ठेवा, आणि १२ ऑगस्ट १९७८ चं सगळं तिथेच स्पष्ट लिहा, स्टिंगलीच्या नावासकट.

होण्याची शक्यता? कमीच. इतक्या जुन्या खेळाडूंना सीनियर गटातून यावं लागतं, तिथे कोच आणि बाकीच्यांबरोबर एकाच यादीत धक्काबुक्की, वर ५० मतदारांपैकी ८० टक्के होकार पाहिजे, नव्या पद्धतीने २०२५ मध्ये अख्ख्या बॅचमध्ये चारच जण आले आणि त्यात सीनियर एकटा स्टर्लिंग शार्प.

म्युझियमला पाचपैकी चार, अर्धा अजून दिला असता पण निवड समितीचा राग त्यात मिसळलाय. ऑगस्टच्या सुरुवातीला सोहळा आणि शेजारच्या स्टेडियममध्ये हॉल ऑफ फेम गेम असते, गर्दीचा तिटकारा असेल तर तो आठवडा टाळा, जॅकेटवाले म्हातारे प्रत्यक्ष बघायचे असतील तर मात्र तेव्हाच जा. आणि रेडर्सची जर्सी घालून गेलात तर कुणी ना कुणी फ्रँको हॅरिसच्या त्या कॅचवरून बोलायला येणारच, वेळ हातात ठेवा.