सिव्हिलचं एआरटी सेंटर : पाचपैकी चार स्टार, आणि गोळी बंद केल्यावर माझं काय झालं ते

सेंटरचं आणि गावाचं नाव लिहीत नाहीये, माझी ओळख पटेल म्हणून. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं सिव्हिल एवढंच समजा. मला एचआयव्ही आहे, त्याची औषधं म्हणजे एआरटी, ती घ्यायला २०१६ पासून जातोय मी तिथे. आत्ता लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात लाईनीत माझ्यापुढे एक पंचवीस-सव्वीसचा पोरगा होता, फोनवर कुणाला तरी सांगत होता की रिपोर्ट एकदम क्लीन आलाय, आता दोन-तीन महिने गोळीला सुट्टी देतो. पोटात गोळाच आला माझ्या. तिथे सगळ्यांसमोर काय बोलणार, म्हणून इथे लिहितो, कुणाच्या तरी नजरेस पडेल.

आधी सेवेबद्दल. पैसे एक रुपया लागत नाही. सरकारने २००४ च्या एप्रिलपासून ही औषधं फुकट सुरू केली आणि सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजायची तपासणी), व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती ते) पण फुकटच होतं. रोज एक गोळी, टीएलडी म्हणतात तिला, एकाच गोळीत तीन औषधं. आधीच्या एफाविरेन्झवाल्या गोळीने मला चक्कर यायची, रात्रभर विचित्र स्वप्नं पडायची, हिला तसलं काही नाही.

२०२२ ची दिवाळी झाली आणि कंपनीने मला चाकणला टाकलं, नाईट शिफ्ट. सेंटर सकाळी दहा ते एक, म्हणजे जायचं तर खाडा, दिवसाचा पगार गेला. एक महिना डबी आणायला जमलं नाही. आणि काहीच झालं नाही हो! ताप नाही, खोकला नाही, भूक नेहमीसारखी. मग दुसरा महिना गेला. त्यात ओळखीतल्या एकाने एका वैदूकडे नेलं, तो म्हणाला मुळापासून काढून टाकतो, सहा हजाराची पावडर घेतली. असे सात महिने गेले.

नंतर काउन्सिलर मॅडमनी समजावलं तेव्हा कळलं, गोळीने व्हायरस मरत नाही, नुसता दाबून ठेवला जातो, तो शरीरातल्या पेशींत लपून बसलेला असतो आणि गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत परत दिसायला लागतो. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि आतून सीडीफोर उतरत असतं. माझं ५४० होतं ते १६८ वर आलं. जिभेवर पांढरा थर, चटणी-भाकरी पण झोंबायची, दहा किलो वजन गेलं आणि संध्याकाळचा ताप. थुंकी तपासली, टीबी निघाला. आधी टीबीच्या गोळ्या, दोन आठवड्यांनी एआरटी परत चालू, आणि टीबीच्या औषधामुळे टीएलडीतलं डोल्युटेग्राविर नावाचं औषध कमी पडतं म्हणून त्याची अजून एक गोळी बारा तासांनी. दिवसाला एक गोळी नको झाली होती ना, मग मूठभर खाल्ल्या सहा महिने.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. गोळी नीट चालू असून व्हायरल लोड दबलेला असेल तर बायकोला लागण होत नाही, त्या भरवशावर आमचा संसार चालला होता. मी तिला सांगितलंच नव्हतं की गोळी बंद आहे. तिची टेस्ट करायला नेलं तेव्हा ती बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, सोडायची, परत गुंडाळायची, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी परत केली, तेव्हाही निगेटिव्ह. ते तीन महिने मी कुणालाच देऊ नये.

मॅडमनी अजून एक सांगितलं ते लक्षात ठेवा, ज्याला हिपॅटायटिस बी पण आहे त्याने तर ही गोळी मनाने अजिबात सोडायची नाही, कारण यातलीच दोन औषधं तो आजार पण दाबून धरतात, सोडली की लिव्हरवर एकदम उसळी मारतो. आणि सुट्टी घेऊन बघू म्हणणाऱ्यांसाठी, हे डॉक्टरांनी रीतसर करून बघितलेलं आहे, स्मार्ट नावाचा अभ्यास होता, ३३ देशांतली ५,४७२ माणसं, सीडीफोर बघून गोळी थांबवायची आणि उतरलं की परत द्यायची. थांबवणाऱ्यांत मोठे आजार आणि मृत्यू मिळून धोका अडीचपटीच्या वर निघाला, हार्ट, किडनी, लिव्हरचे त्रास पण जास्त, म्हणून २००६ मध्ये ते थांबवणंच बंद करावं लागलं.

आता चार स्टार कशाला. सेंटरवरून तीनदा फोन आला, मी कट केला. मग तिथल्या ताई स्वतः आल्या, पण घरी नाही. एसटी स्टँडच्या रसवंतीत बोलावलं, हातात फाईल नाही, गळ्यात आयकार्ड नाही. पहिलं वाक्य काय, तर "दादा, जेवण जातंय का?" ओरडल्या असत्या तर मी गेलोच नसतो. सेंटरवर मॅडमनी पण ग्रीन बुकातल्या (दर महिन्याची नोंद करायची पेशंटची वही) सात मोकळ्या ओळींवर नुसता हात फिरवला आणि नवीन तारीख लिहिली.

एक स्टार कापला त्याचं कारण, मला कुणी सांगितलंच नव्हतं की नोकरी बदलली तर जवळच्या सेंटरला ट्रान्सफर मिळते. चाकणच्या जवळ बघून दिलं असतं तर हे रामायण घडलंच नसतं. तुम्ही स्वतः मागा, लाजू नका, तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का तेही विचारा. लाईन मोठ्या बोर्डाखालीच लागते, येणारा-जाणारा बघतो, ते बदलायला हवं. मध्ये एकदा स्टॉक नाही म्हणून दहाच दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या, लांबून येणाऱ्याने काय करायचं? अशी अडचण आली तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सोमवारी जाऊ नका, फार गर्दी. बुधवार-गुरुवार अकराच्या आत जा. डबी उरलेल्या गोळ्यांसकट न्या, मॅडम ट्रेमध्ये ओतून पेनच्या टोपणाने दोन-दोन करून मोजतात, चुकल्या असतील तर खरं सांगा.